यवनाचे दान आणि वस्तुसंग्रहालयाचे वाचन

ग्रीक-रोमन पुरावस्तूंचे संग्रहालय म्हटले की मराठी अभ्यासकाच्या मनापुढे अथेन्स, रोम, नेपल्स किंवा लंडन ही नगरे उभी राहतात. कर्जत आणि खालापूर उभे राहत नाहीत. हे स्वाभाविकच आहे. उल्हास आणि पाताळगंगा ह्या नद्यांच्या वरच्या खोऱ्यांतील ह्या दोन तालुक्यांत असे संग्रहालय नाही आणि तेथे ते का असावे, असा प्रश्नही कोणी विचारलेला नाही. तथापि ग्रीक-रोमन जगाशी मराठी प्रदेशाचा जो संबंध आला, त्याचा एक महत्त्वाचा रस्ता ह्याच दोन तालुक्यांतून घाटावर चढत होता. रस्त्याच्या खाली कल्याण आणि सोपारा ही बंदरे, वर कार्ले आणि भाजे येथील लेणी, आणि दोहोंच्या मध्ये उल्हासच्या खोऱ्यात कोंडाणे. ह्या वाटेवर ग्रीक वस्तूंची मांडणी कोठेही आढळत नाही. आढळते ते लेखन. त्यामुळे ‘वस्तू’ हा संग्रहालयाचा एकक आणि ‘वाक्य’ हा साहित्यविचाराचा एकक ह्यांतील भेद येथे जितका स्पष्ट होतो, तितका तो इतरत्र क्वचितच होतो. हा भेद समजून घेणे आणि त्याच्या आधारे ‘यवन’ ह्या शब्दाच्या मराठीतील प्रवासाकडे पाहणे, एवढाच प्रस्तुत विवेचनाचा हेतू आहे.

वस्तुसंग्रहालय ही एक संहिता आहे, हे आता नव्याने सांगावयास नको. आंद्रे मालरो ह्यांनी १९४७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ‘काल्पनिक संग्रहालया’च्या विवेचनात दाखविले की, संग्रहालयात येण्यापूर्वी क्रूसावरील ख्रिस्ताची मूर्ती हे ‘शिल्प’ नव्हते. संग्रहालयाने तिला शिल्प केले. म्हणजे संग्रहालय वस्तू केवळ सांभाळत नाही, तर तिची जात बदलते. ही जातबदल तीन क्रियांनी घडते. पहिली क्रिया विच्छेदाची : वस्तू जेथे होती तेथून ती उचलली जाते. दुसरी वर्गीकरणाची : ती एखाद्या दालनात, एखाद्या शैलीच्या वा कालखंडाच्या रांगेत बसविली जाते. तिसरी नामकरणाची : तिच्याखाली एक चिठ्ठी लागते. साहित्याच्या परिभाषेत बोलायचे, तर पहिल्या क्रियेने संदर्भ नाहीसा होतो, दुसरीने नवा संदर्भ निर्माण होतो आणि तिसरीने त्या नव्या संदर्भाला निसर्गसिद्धतेचा आभास प्राप्त होतो. प्रेक्षक वस्तू पाहतो असे त्याला वाटत असते. प्रत्यक्षात तो चिठ्ठी वाचत असतो.

ह्याचे मराठी प्रदेशातील सर्वांत बोलके उदाहरण कोल्हापूरचे आहे. पंचगंगेच्या काठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर प्रा. कुंदनगार ह्यांच्या उत्खननात १९४४–४५ च्या सुमारास कांस्यवस्तूंचा एक साठा मिळाला. त्यानंतर १९४५–४६ मध्ये ह. धी. सांकळिया आणि मो. गं. दीक्षित ह्यांनी तेथे पद्धतशीर उत्खनन केले. त्या साठ्यात पॉसिडॉन ह्या ग्रीक समुद्रदेवतेची एक लहान मूर्ती होती, आरसा होता, भांडी होती आणि हत्तीवर बसलेल्या स्वारांची एक अस्सल भारतीय घडणीची प्रतिमाही होती. कोल्हापूरच्या टाउन हॉलमधील संग्रहालयामुळे ही मूर्ती परिचित झाली. त्या साठ्याची खरी विशेषता म्हणजे आयात आणि स्थानिक, देव आणि भांडे, पूजेचे आणि वापराचे हे सारे त्यात एकत्र होते. ज्याने ते एकत्र ठेवले, त्याच्या दृष्टीने ह्या वस्तूंना जोडणारे काही सूत्र असणार; कदाचित केवळ धातूचे मोल एवढेच ते असेल. अभ्यासाने मात्र त्यांची विभागणी केली. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, रोम आणि भारत ह्यांच्यातील प्राचीन सागरी व्यापारावरील ग्रंथात रिचर्ड द प्यूमा ह्यांनी ह्या साठ्यातील कोणत्या वस्तू खरोखर भूमध्यसागरी प्रदेशातून आलेल्या आणि कोणत्या येथल्या, ह्याची चिकित्सा केली. ही चिकित्सा आवश्यकच होती. परंतु तिचा एक परिणाम असा, की पॉसिडॉन साठ्यातून वेगळा निघाला आणि ‘महाराष्ट्रातील ग्रीक’ ह्या कथेचा नायक झाला. हत्तीवरचे स्वार त्याच्या शेजारी होते, ही गोष्ट कथेतून गळाली.

नामकरणाचा प्रश्न येथे भाषिक रूपही धारण करतो. पॉसिडॉनचे आयुध त्रिशूळ, असे मराठीत लिहिले की ‘त्रिशूळ’ हा शब्द वाचकाला थेट शिवाकडे नेतो. ग्रीक शब्दाला असा शैव स्वर नाही. म्हणजे अनुवादाने वस्तू परिचित होते आणि त्याच क्षणी चुकीची परिचित होते. संग्रहालयातील प्रत्येक मराठी चिठ्ठी हा असा एक अनुवाद असतो. आणि मराठी अनुवादविचाराने कविता-कादंबऱ्यांच्या अनुवादांची जेवढी चिकित्सा केली, तेवढी ह्या एका ओळीच्या अनुवादांची केलेली नाही.

कोल्हापूरच्या उदाहरणाची उलट बाजू नेपल्सच्या पुराणवस्तुसंग्रहालयात आहे. इ. स. ७९ मध्ये वेसूव्हियसच्या उद्रेकाखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेई नगरात १९३८ साली हस्तिदंताची एक भारतीय स्त्रीप्रतिमा सापडली. दीर्घकाळ ती ‘लक्ष्मी’ म्हणून ओळखली गेली. पुढे तिच्याशी जवळचे साम्य असलेल्या हस्तिदंती प्रतिमा तेर आणि भोकरदन येथे मिळाल्या, आणि ती प्रतिमा देवीची नसून अलंकृत स्त्रीची, बहुधा एखाद्या उपयोगाच्या वस्तूचा भाग असलेली असावी, ह्या मताला बळ आले. तेर म्हणजे ‘पेरिप्लस’ ह्या पहिल्या शतकातील ग्रीक प्रवासवर्णनातले तगर. पैठणपासून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवरचे मोठे नगर असे त्याचे वर्णन तेथे येते. तेर येथील रामलिंगप्पा लामतुरे ह्यांनी आयुष्यभर जमविलेल्या वस्तूंमधून तेथील संग्रहालय उभे राहिले. तेरची बाई नेपल्सला देवी झाली आणि ग्रीकांचा देव कोल्हापूरला ‘रोमन व्यापाराचा पुरावा’ झाला. दोन्ही ठिकाणी परक्या वस्तूला आपापल्या गरजेचा अर्थ मिळाला. युरोपीय प्रेक्षकाला भारताकडून धर्म हवा होता, भारतीय प्रेक्षकाला युरोपाकडून इतिहासाचे प्रमाणपत्र हवे होते. वस्तू मूकपणे दोन्ही मागण्या पुरवीत राहिल्या, कारण वस्तू प्रतिवाद करीत नाही.

वाक्य मात्र प्रतिवाद करते, आणि म्हणून कर्जत-खालापूरच्या वाटेचे महत्त्व. राजमाचीच्या पायथ्याशी, कर्जत तालुक्यात, कोंडाण्याची लेणी आहेत. तेथील चैत्यगृहाच्या दर्शनी भागाजवळ एका मोठ्या पुतळ्याचे भग्न मस्तक उरले आहे आणि त्याच्यालगत ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत एक ओळ कोरलेली आहे : कण्हाचा शिष्य बलक ह्याने हे केले, असा तिचा आशय. ‘केले’ ह्या क्रियापदाचे कर्म कोणते, पुतळा की लेणे, ह्याविषयी मतभेद संभवतो. परंतु कर्तृत्वाची स्वाक्षरी म्हणून ह्या ओळीचे स्थान वादातीत आहे. पितळखोऱ्याच्या यक्षमूर्तीवर कण्हदास नावाच्या सोनाराने अशीच ‘केली’ अशी नोंद केलेली आहे. तो यक्ष आज नवी दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. बलकाची ओळ कोंडाण्यातच राहिली. ग्रीक शिल्पकार व कुंभकारही आपल्या कृतीवर ‘अमुकाने केले’ अशा अर्थाचे सूत्र कोरीत. ह्या साम्याने प्रभावाचा सिद्धान्त मांडण्याचा मोह कोणालाही होईल. तो आवरला पाहिजे. कर्त्याचे नाव तृतीयेत आणि त्याच्यापुढे कर्मणी रूप ही रचना प्राकृताची स्वतःची आहे. तिला ग्रीक मातृत्वाची गरज नाही. शिवाय बलक स्वतःची ओळख गुरूच्या नावाने करून देतो, आणि ही गुरुशिष्यांची साखळी हाच त्या वाक्याचा खरा आशय आहे. साम्य दिसताच प्रभाव शोधणे ही संग्रहालयाच्या वर्गीकरणाची सवय. वाक्याची अंतर्गत रचना पाहणे ही समीक्षेची.

कोंडाण्याहून घाट चढला की मावळात कार्ल्याचे चैत्यगृह येते. वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीने हे शैलगृह जंबुद्वीपात उत्तम म्हणून पूर्ण केले, असा लेख तेथे आहे. सोपाऱ्याच्या सतिमित ह्या भाणकाने एक स्तंभ दिल्याची नोंद आहे. बंदर आणि लेणे ह्यांचा संबंध ह्या एका नोंदीनेच सिद्ध होतो. त्याच स्तंभांच्या रांगेत धेनुकाकट येथील अनेक यवनांची दाने आहेत : सिहधय, धमधय, यसवधन, चुलयख अशी त्यांची नावे. धेनुकाकट म्हणजे नेमके कोणते स्थळ, ह्याविषयी विद्वानांत एकमत नाही. दामोदर धर्मानंद कोसंबी ह्यांनी ते कार्ल्याच्या परिसरातच शोधले. जुन्नरच्या लेण्यांतही यवनांची दाने आहेत : इरिल ह्याची दोन पाण्याची टाकी, चिट ह्याचा भोजनमंडप, चंद ह्याचे प्रवेशद्वार.

ह्या लेखांची वाक्यरचना लक्षपूर्वक पाहिली पाहिजे. गाव, ‘यवन’ हा शब्द षष्ठीत, व्यक्तिनाम, ‘स्तंभ’ आणि ‘दान’, क्रियापद नाही. शेजारच्या स्तंभावर एखाद्या सुताराचे, गंधविक्रेत्याचे वा भिक्षूचे दान असेल, तर त्याचीही रचना हीच. ‘यवन’ हा शब्द ज्या स्थानी येतो, त्याच स्थानी इतरांच्या बाबतीत व्यवसायाचे नाव येते. चिन्हव्यवस्थेच्या भाषेत सांगायचे, तर ‘यवन’ येथे ‘आपण’ ह्या पदाच्या विरोधात उभा नाही. तो ‘सुतार’, ‘श्रेष्ठी’, ‘भाणक’ ह्या पदांच्या रांगेत उभा आहे. परकेपणा येथे भेद दर्शवितो, पण विरोध दर्शवीत नाही.

हे खरोखर ग्रीक होते का, असा प्रश्न येथे नेहमी विचारला जातो. डब्ल्यू. डब्ल्यू. टार्न ह्यांनी १९३८ च्या आपल्या ग्रंथात त्यांचा संबंध ग्रीक नगरांच्या नागरिकत्वाशी जोडला. हिमांशू प्रभा रे ह्यांनी १९८८ मध्ये पश्चिम भारतातील यवनांच्या उपस्थितीची व्यापार आणि बौद्ध संघ ह्यांच्या संदर्भात फेरतपासणी केली. नावे बहुतेक भारतीय, भाषा प्राकृत, दान बौद्ध संघाला. तेव्हा ‘अस्सल’ ग्रीकत्व कोठे शोधावयाचे? हा प्रश्न इतिहासाला टाळता येणार नाही. पण ‘अस्सल’ की ‘नक्कल’ ही विचारणा पॉसिडॉनच्या मूर्तीविषयी जशी सार्थ ठरते, तशी सिहधयाविषयी ठरत नाही. त्याने स्वतःला भारतीय नाव आणि ‘यवन’ ही ओळख ह्या दोन्हींसह दगडात नोंदवून घेतले. ह्या दोहोंत विसंगती आहे असे त्याला वाटले नाही, आणि कोरणाऱ्यालाही वाटले नाही. विसंगती आधुनिक वाचकाला वाटते. तिचे मूळ त्याच्या स्वतःच्या कोटिव्यवस्थेत आहे.

ह्यावरून प्राचीन काळी सर्वत्र सलोखा नांदत होता, असा निष्कर्ष काढणे भाबडेपणाचे होईल. ‘पेरिप्लस’मध्येच कल्याणविषयी असे सांगितले आहे, की थोरल्या सारगनाच्या काळी ते अधिकृत व्यापारपेठ होते, पण संदनाच्या हाती गेल्यावर तेथील व्यवहारावर निर्बंध आले आणि योगायोगाने तेथे शिरलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात. म्हणजे घाटावर स्तंभ देणाऱ्या समूहाचे नाव घाटाखालच्या बंदरात संशयाचे कारणही होऊ शकत होते. नाशिकचे उदाहरण ह्याहून तीव्र आहे. त्रिरश्मी डोंगरातील एका लेण्यात, उत्तरेकडील दत्तामित्रीचा योनक, धम्मदेवाचा पुत्र इंद्राग्निदत्त ह्याने आपल्या मुलासह लेणे, चैत्य आणि टाकी दिल्याची नोंद आहे. त्याच डोंगरातील दुसऱ्या लेण्यात, वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या एकोणिसाव्या वर्षीच्या लेखात, गौतमी बलश्री आपल्या पुत्राचा शक, यवन आणि पल्हव ह्यांचा नाशक म्हणून गौरव करते. एकच डोंगर, एकच लिपी, जवळजवळ एकच भाषा; पण एका लेखात यवन हा व्यक्तिनाम असलेला दाता आहे आणि दुसऱ्यात नामहीन, अनेकवचनी शत्रू. फरक घडविला आहे तो वाङ्मयप्रकाराने. दानलेख व्यक्तीला नाव देतो, प्रशस्ती समूहाला नाव देते. जो अर्थ ‘यवन’ ह्या शब्दाचा म्हणून सांगितला जातो, तो पुष्कळदा त्या शब्दाला वापरणाऱ्या वाङ्मयप्रकाराचा असतो.

पुढील इतिहासात प्रशस्तीचा अर्थ टिकला आणि दानलेखाचा अर्थ दृष्टीआड झाला. ब्राह्मी लिपीचे वाचन लुप्त झाल्यावर स्तंभांवरील यवन मुके झाले. संस्कृत काव्यातले आणि पुराणांतले यवन मात्र बोलत राहिले. सतराव्या शतकात परमानंदाच्या ‘शिवभारता’त हा शब्द मुसलमानी सत्तांसाठी येतो. रघुनाथपंतांच्या ‘राज्यव्यवहारकोशा’च्या प्रस्तावनेत राज्यव्यवहाराची भाषा यवनांच्या शब्दांनी झाकोळल्याची खंत आहे आणि तिच्या जागी संस्कृत शब्द योजण्याचा संकल्प आहे. आयोनियातून निघालेले, इराणी ‘यौन’वरून भारतात उतरलेले नाव येथे फारसीला लागू झाले. ज्या प्रदेशात ‘यवन’ हा शब्द प्राकृत वाक्यात सहज सामावला होता, त्याच प्रदेशात तो भाषेतून काय वगळावे ह्याची खूण झाला. मराठी शब्दार्थविचारात ह्याहून लक्षणीय स्थित्यंतरे फार नाहीत.

मराठी समीक्षेने ग्रीकांशी जो संबंध ठेवला, तो ह्या पार्श्वभूमीवर तपासून पाहण्याजोगा आहे. गो. वि. करंदीकर ह्यांचे ‘ॲरिस्टॉटलचे काव्यशास्त्र’ १९५७ मध्ये आले आणि शोकात्मिकेच्या मराठी चर्चेला भक्कम पाया मिळाला. त्या कार्याचे मोल कमी नाही. पण ह्या परंपरेत ग्रीस नेहमी विद्यापीठाच्या मार्गाने, इंग्रजीच्या मध्यस्थीने आणि सिद्धान्ताच्या रूपाने आला. उलटपक्षी, भालचंद्र नेमाडे ह्यांच्या मांडणीतून पुढे आलेल्या देशीयतेच्या विचाराने ह्या परावलंबनावर योग्य बोट ठेवले. परंतु त्या विचाराच्या अनुयायांनी पुष्कळदा ‘देशी’ आणि ‘परके’ ह्यांतील सीमारेषा वसाहतकाळाने आखलेलीच स्वीकारली. दोन्ही पक्षांचे एका गोष्टीवर नकळत एकमत आहे : ग्रीक हा बाहेरचा. एक पक्ष त्याचे स्वागत करतो, दुसरा त्याच्यापासून सावध राहतो. धेनुकाकटचा यवन ह्या दोन्ही पक्षांच्या नकाशावर नाही. तो देशी भाषेत बोलतो, म्हणून पहिल्याला तो पुरेसा ग्रीक वाटत नाही. तो स्वतःला यवन म्हणवतो, म्हणून दुसऱ्याला तो पुरेसा देशी वाटत नाही. देशीयता ही जर मुळाची नसून रुजण्याची प्रक्रिया असेल, तर ह्या स्तंभलेखांहून तिचे जुने आणि नेमके उदाहरण मिळणे कठीण आहे. आणि ती जर केवळ मुळाची बाब असेल, तर ह्या लेखांपुढे तिला उत्तर द्यावे लागेल.

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात डिसेंबर २०२३ मध्ये भारत, ईजिप्त, ॲसिरिया, ग्रीस आणि रोम येथील प्राचीन शिल्पांचे प्रदर्शन उघडले. परदेशी संग्रहालयांतून आलेली शिल्पे भारतीय शिल्पांसह एकत्र मांडल्यामुळे, ग्रीक कला हे मूळ आणि बाकीच्या शाखा, ही जुनी उतरंड त्यात मोडली गेली, हे तिचे श्रेय. तरीही शेजारी ठेवणे ही वस्तूंची संगती आहे. एका वाक्यात असणे ही त्याहून वेगळी संगती आहे. पहिलीत संयोजकाची दृष्टी अर्थ घडविते, दुसरीत मूळ वक्त्याची.

कर्जत-खालापूरच्या प्रदेशात कधी काळी ह्या विषयाचे संग्रहालय उभे राहिलेच, तर त्याने ग्रीक कुंभांच्या प्रतिकृती मागवू नयेत. तेथे एक शब्द मांडता येईल : कार्ल्याच्या स्तंभांचे, जुन्नरच्या टाक्यांचे आणि नाशिकच्या दोन्ही लेखांचे ठसे, ‘शिवभारता’चे आणि ‘राज्यव्यवहारकोशा’चे पान, आणि ह्या सर्वांना जोडणारा बंदरापासून घाटमाथ्यापर्यंतचा नकाशा. त्यात विच्छेदाची क्रिया कमीत कमी असेल, कारण लेख आपापल्या जागी राहतील आणि जाणारा प्रेक्षक एका दिवसात ते प्रत्यक्ष पाहू लागेल. १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे गेल्यापासून कर्जतहून घाट चढणाऱ्याला पायथ्याचे कोंडाणे दिसेनासे झाले. द्रुतगती मार्गाने खालापूरही मागे टाकले. प्रवासाचा वेग वाढला तसा हा प्रदेश दोन ठिकाणांमधले अंतर तेवढा उरला. लेखांच्या काळी तो अंतर नव्हता, तो संबंध होता. तो पुन्हा वाचता येण्यासाठी वस्तूपेक्षा व्याकरण अधिक उपयोगी पडेल, आणि त्या व्याकरणाचा पहिला धडा षष्ठीचा आहे : स्तंभ यवनाचा, आणि म्हणून यवन ह्या स्थळाचा.